नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ
(अब्राहम लिंकन यांच्या मातेच्या आईवडिलांचा शोध)



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. परंतु त्यांनी दिलेली एक शिस्त मी आयुष्यभर पाळण्याचा प्रयत्न केला. कोणतेही विधान कानावर आले की 'हे कशावरून?' असा प्रश्न आधी करावा, ही ती शिस्त. आजचा विषय तिच्याच कसोटीवर घासून पाहण्यासाठी निवडला आहे.

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. थोर माणसाची थोरवी त्याच्या कर्तृत्वात पाहावी, जन्मात पाहू नये, हा तिचा आशय उदार आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ती पूर्णपणे मानता येत नाही. कूळ शोधू नये असे म्हणून आपण थांबतो, तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तेथे अफवा येऊन बसते, नाहीतर कोणीतरी रचलेली सोयीची वंशावळ येऊन बसते. अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची आई नॅन्सी हँक्स हिच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या. नॅन्सीचे आईवडील कोण, या एका प्रश्नावर तेथील संशोधकांनी शंभराहून अधिक वर्षे घालवली. त्या शोधाची हकीकत आणि तिच्यातून आपण घ्यावयाचा बोध, एवढीच आजच्या भाषणाची व्याप्ती आहे.

१. संशयाचे बीज

लिंकन यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी केंटकीत झाला. ते नऊ वर्षांचे असताना, 5 ऑक्टोबर 1818 रोजी, इंडियानातील लिटल पिजन क्रीक या वस्तीत नॅन्सी वारली. एक विषारी रानवनस्पती खाल्लेल्या गाईचे दूध पोटात गेल्याने होणाऱ्या रोगाची साथ त्या वर्षी तेथे आली होती. तिला लहानपणी ज्यांनी सांभाळले ते मावशी एलिझाबेथ आणि तिचे यजमान थॉमस स्पॅरो याच साथीत तिच्या थोडे आधी गेले. तिघेही एकाच टेकडीवर पुरले गेले. 1879 मध्ये एका उद्योगपतीने पदरमोड करून दगड बसवीपर्यंत नॅन्सीच्या थडग्यावर कायमची खूण नव्हती. तिचे छायाचित्र नाही, आणि असणेही शक्य नाही; कारण ती कला जगापुढे आली 1839 साली.

अशा या स्त्रीविषयी तिच्या मुलाने काय सांगितले? फार थोडे. डिसेंबर 1859 मध्ये, अध्यक्षपदासाठी नाव पुढे येऊ लागले असताना, लिंकन यांनी एका स्नेह्याच्या विनंतीवरून छोटेखानी आत्मवृत्त लिहून दिले. आपले आईवडील दोघेही व्हर्जिनियात, काही विशेष नावलौकिक नसलेल्या घराण्यांत जन्मले. आई हँक्स नावाच्या कुटुंबातली. या आशयाच्या दोन ओळींवर त्यांनी विषय मिटवला. वडिलांच्या घराण्याविषयीही त्यांची माहिती आजोबांपलीकडे फारशी जात नव्हती. पुढे संशोधकांनी ती शाखा 1637 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हिंगम येथे आलेल्या सॅम्युएल लिंकन या विणकराच्या उमेदवारापर्यंत कागदोपत्री नेऊन भिडवली. पित्याचे कूळ कागदांनी उलगडले; मातेचे मात्र कागदांनी अधिकच गुंतागुंतीचे करून ठेवले.

लिंकन यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन यांनी 1889 साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एक आठवण नोंदवली. 1850 च्या सुमारास दोघे एका खटल्यासाठी घोडागाडीतून मेनार्ड परगण्याच्या न्यायालयाकडे निघाले होते. खटल्यात आनुवंशिक गुणांचा प्रश्न येणार होता. त्या ओघात लिंकन यांनी सांगितले की, आपली आई ही ल्यूसी हँक्स हिची, व्हर्जिनियातील एका सुखवस्तू जमीनदारापासून झालेली विवाहबाह्य संतती होती. हे सांगून ते बराच वेळ गप्प बसले, असे हर्नडन लिहितात.

या विधानाचे मोल काय? एका दृष्टीने ते अनमोल, कारण ते प्रत्यक्ष मुलाचे आहे. दुसऱ्या दृष्टीने ते दुबळे, कारण ते एकाच साक्षीदाराच्या तोंडून, जवळजवळ चाळीस वर्षांनी छापून आले. आणि ज्याच्याविषयी सांगितले तो दुजोरा द्यायला किंवा इन्कार करायला हयात नव्हता. पुरावा म्हणून त्याची नोंद घ्यावी, निकाल म्हणून घेऊ नये, एवढीच त्याची पात्रता.

२. सरहद्दीवरचे कागद

येथे एक रास्त शंका येते. अठराव्या शतकाच्या अखेरचा काळ काही फार प्राचीन नव्हे. त्याच काळातील आपली पेशवे दप्तरे गाड्या भरून उपलब्ध आहेत. मग एका मुलीच्या जन्माचा दाखला का मिळू नये?

उत्तर त्या भूमीच्या स्वरूपात आहे. व्हर्जिनियाच्या जुन्या किनारी भागात इंग्लंडच्या धर्तीवर चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या ठेवल्या जात. हँक्स कुटुंब मूळचे तेथल्याच रिचमंड परगण्यातले. पण जोसेफ हँक्स हा कुटुंबप्रमुख 1782 च्या सुमारास डोंगराळ हॅम्पशायर परगण्यात दिसतो, 1784 मध्ये तेथली जमीन गहाण टाकतो आणि काही वर्षांत पर्वतरांगा ओलांडून केंटकीतील नेल्सन परगण्यात जातो. नॅन्सीचा जन्म याच धावपळीच्या काळातला, साधारण 1784 चा. या नव्या वस्त्यांत चर्चच्या वह्या नव्हत्या. सरकारी जन्मनोंदणी केंटकीत 1852 साली आणि व्हर्जिनियात 1853 साली सुरू झाली. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या शिरगणतीचे तक्ते नष्ट झाले आहेत. ते असते तरी उपयोग थोडाच होता. कारण 1850 पूर्वीच्या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत, बाकीची माणसे आकड्यांत मोजत.

म्हणजे शिल्लक काय राहते? कराच्या याद्या, जमिनीची खरेदीखते व गहाणखते, मृत्युपत्रे, विवाहाचे जामीनखत आणि न्यायालयाची रोजनिशी. हे सारे कागद मालमत्तेचे आहेत आणि मालमत्ता पुरुषाच्या नावावर असे. स्त्री या कागदांत क्वचित प्रकट होते: कोणाची मुलगी म्हणून, कोणाची वधू म्हणून, कोणाची विधवा म्हणून, नाहीतर आरोपी म्हणून. नॅन्सीच्या आईची गाठ आपल्याला शेवटच्या भूमिकेत पडणार आहे.

३. विवाहाची नोंद

मूळ प्रश्नाकडे जाण्यापूर्वी एक उपकथा सांगणे अवश्य आहे. नॅन्सीच्या जन्माविषयी कुजबुज होतीच. तिच्यापाठोपाठ तिचा आणि थॉमस लिंकनचा विवाह तरी झाला होता काय, असाही संशय घेतला गेला. ते जोडपे हार्डिन परगण्यात राहत असे, म्हणून तेथले दप्तर तपासले गेले आणि नोंद सापडली नाही. 1872 मध्ये वॉर्ड लॅमन यांच्या नावावर निघालेल्या चरित्रात या संशयाला छापील रूप मिळाले. स्वतः लिंकन यांचे औरसत्व त्यामुळे टांगणीला लागले.

1878 साली शेजारच्या वॉशिंग्टन परगण्यात स्प्रिंगफील्ड येथील कचेरीत नोंद मिळाली. 10 जून 1806 रोजी जामीनखत झाले, 12 जून रोजी जेसी हेड या धर्मोपदेशकाने विवाह लावला आणि तशी यादी कचेरीत दाखल केली. वधू जेथे राहत होती तेथे विवाह झाला, आणि कागद तेथेच राहिला. इतकी साधी गोष्ट कोणी आधी तपासली नव्हती. कागद नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही; कित्येकदा आपण चुकीच्या कपाटात हात घातलेला असतो, एवढाच तो असतो.

याच जामीनखतावर रिचर्ड बेरी नावाच्या गृहस्थाने नॅन्सीचा पालक म्हणून सही केली आहे. बेरी कुटुंबात शिपली घराण्यातील रेचेल ही स्त्री दिलेली होती. हा धागा लक्षात ठेवावा. पुढचा बराच वाद त्याच्याभोवती फिरतो.

४. कबरी कालवड

1899 मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक या बाईंनी नॅन्सीवर एक छोटे पुस्तक लिहून तिचे नाव निष्कलंक करण्याचा चंग बांधला. त्यांच्या हाती एक खरोखरीचा दस्तऐवज लागला होता: जोसेफ हँक्सचे मृत्युपत्र. 1793 च्या जानेवारीत ते केले गेले आणि मे महिन्यात न्यायालयात शाबीत झाले. जोसेफने मुलांना घोडे दिले आणि मुलींना कालवडी. त्यात 'माझी मुलगी नॅन्सी' हिला पायडी, म्हणजे आपण जिला कबरी म्हणू, अशी एक कालवड दिली आहे. हिचकॉकबाईंनी निष्कर्ष काढला की, हीच लिंकनची आई. जोसेफ आणि त्याची शिपली घराण्यातील पत्नी यांची ही औरस कन्या.

दस्तऐवज अस्सल, नाव तेच, परगणा जवळचा, काळही जुळता. तरी निष्कर्ष टिकला नाही. कारण त्या कुटुंबात नॅन्सी एक नव्हती. लिंकन यांचे आप्त डेनिस हँक्स, ज्यांचा जन्म 1799 चा, त्यांच्या आईचे नावही नॅन्सी हँक्सच होते. पुढे तिने लेव्ही हॉल याच्याशी लग्न केले. मृत्युपत्रातली नॅन्सी ती. एका बापाला एकाच वेळी हयात असलेल्या दोन मुलींना एकच नाव देण्याचे कारण नव्हते. लिंकनची आई ही या नॅन्सीची भाची होय. आजीचे नाव नातीला आणि मावशीचे भाचीला ठेवण्याची चाल तेथेही होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे सनदांतील माणसांची सरमिसळ कशी होते, हे कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांना सांगायला नको. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नव्हे.

मृत्युपत्रात आणखी एक गोष्ट आहे, किंवा असे म्हणू की ती त्यात नाही. ल्यूसी या मुलीचा त्यात उल्लेखच नाही.

५. दोन धर्मोपदेशकांचा वाद

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन अभ्यासू माणसे या प्रश्नावर समोरासमोर आली. विल्यम बार्टन आणि लुई वॉरन. दोघेही पेशाने ख्रिस्ती धर्मोपदेशक, दोघेही मूळ कागद पाहिल्याशिवाय न लिहिणारे. बार्टन यांनी 1920 मध्येच स्वतः लिंकन यांच्या पितृत्वाविषयीच्या साऱ्या अफवांचा समाचार घेऊन त्या निराधार ठरवल्या होत्या. म्हणजे चिखलफेकीची त्यांना हौस होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

केंटकीतील हॅरड्सबर्ग येथील मर्सर परगण्याच्या न्यायालयाच्या कागदांत नोव्हेंबर 1789 मधील एक नोंद आहे. पंचांच्या मंडळाने ल्यूसी हँक्स हिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवला आहे. पुढच्याच एप्रिलमध्ये, 1790 साली, हेन्री स्पॅरो याने ल्यूसीशी विवाहाचे जामीनखत केले. त्यासोबत ल्यूसीने स्वतःच्या सहीची चिठ्ठी जोडली आहे: आपण सज्ञान आहोत आणि या विवाहास आपली खुषी आहे. विवाह लागला तो 1791 च्या एप्रिलमध्ये. पुढे हेन्री आणि ल्यूसी यांचा संसार सुखाचा झाला आणि त्यांना आठ मुले झाली. बार्टन यांचा निष्कर्ष असा की, ही ल्यूसी जोसेफ हँक्सची कन्या. तिला लग्नापूर्वी झालेली मुलगी नॅन्सी. मृत्युपत्रात ल्यूसीचे नाव नसण्याचे कारण बापाचा रोष हे असावे. हर्नडन यांना लिंकनने सांगितलेली गोष्ट खरी ठरते.

वॉरन यांनी 1926 च्या ग्रंथात उलट बाजू मांडली. ल्यूसी ही जन्माने हँक्स नव्हेच; ती शिपली घराण्यातली, बेरींच्या घरातील रेचेलची बहीण. जेम्स हँक्स नामक तरुणाशी तिचा रीतसर विवाह झाला, तो लवकर वारला, आणि विधवा ल्यूसीने स्पॅरोशी पुनर्विवाह केला. त्यामुळे नॅन्सी औरस. आणि बेरी तिचे पालक का, याचाही उलगडा होतो.

दोघांत मतभेद नेमका कोठे होता? नॅन्सीची आई ल्यूसी आणि ती नंतरची मिसेस स्पॅरो, हे दोघांनाही मान्य होते. वाद एवढाच होता की, ल्यूसीला हँक्स हे आडनाव बापाकडून मिळाले की नवऱ्याकडून. सारा प्रश्न या एका सुईच्या टोकावर येऊन उभा राहिला. जुन्या आप्तांच्या साक्षी उपयोगी पडण्यासारख्या नव्हत्या. डेनिस हँक्सने हर्नडनला दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती घराण्याची अब्रू सांभाळण्यासाठी तशी दिली होती हे उघड दिसते. पुढची साठ-सत्तर वर्षे अमेरिकेतील विद्वान आपापल्या कलाप्रमाणे एकेका बाजूला उभे राहिले. 1988 मध्ये पॉल व्हर्डुइन यांनी रिचमंड परगण्यातील कागदांच्या आधारे बार्टन यांच्या बाजूला पुन्हा बळ दिले; तरी शेवटचा शब्द कागद उच्चारू शकला नाही.

६. आईकडून मुलीकडे

तो शब्द आला अगदी वेगळ्या दिशेने. माणसाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म कणिका असतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो. तो फक्त आईकडून मिळतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे देऊ शकते ती केवळ मुलगी. शेकडो वर्षांत त्यात फारच थोडा बदल होतो. म्हणजे आई, तिची मुलगी, तिची मुलगी, अशी अखंड मातृपरंपरा ज्यांची एक, त्यांच्यात हा ठसा एकच आढळतो.

नॅन्सीचा ठसा सरळ तिच्या वंशजांकडून मिळण्याजोगा नव्हता. तिची एकुलती मुलगी सेरा 1828 मध्ये बाळंतपणात गेली; मूलही जगले नाही. लिंकन यांच्या मुलांना मेरी टॉडचा ठसा मिळाला, आणि लिंकन यांचा निर्विवाद असा शेवटचा वंशजही 1985 मध्ये निवर्तला. तेव्हा वर चढून आडव्या फांद्यांवर जाण्यावाचून मार्ग नव्हता. ल्यूसीला स्पॅरोपासून झालेल्या मुलींच्या मुलींचा वंश. जोसेफची पत्नी अ‍ॅन, माहेरची ली, हिच्या अन्य मुलींचा वंश. आणि शिपली भगिनींचा वंश. अशा तीन शाखांतील हयात व्यक्ती शोधून काढायच्या, त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी कागदांनी सिद्ध करायची आणि मग त्यांचे ठसे ताडून पाहायचे. प्रत्येक पिढीत लग्नामुळे आडनाव बदलणार, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातील चिकाटीची कल्पना येईल.

हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ल्यूसीच्या शाखेत आणि अ‍ॅन हँक्सच्या मुलींच्या शाखेत एक्स-1-सी हा एकच ठसा आढळला. तो इतका विरळा आहे की योगायोगाने जुळण्याची शक्यता नगण्य मानावी लागते. शिपलींचा ठसा वेगळा निघाला. म्हणजे ल्यूसी ही जोसेफ आणि अ‍ॅन यांची कन्या. हँक्स हे तिचे जन्मनाव. आणि लिंकन यांची आई नॅन्सी ही आईच्याच आडनावाने वाढलेली मुलगी. घोडागाडीतले ते बोलणे, निदान ल्यूसीपुरते तरी, खरे ठरले.

श्रोत्यांच्या एक गोष्ट ध्यानात यावी. प्रयोगशाळेने कागदांना हटवले नाही. कोणती दोन उत्तरे संभवतात हे बार्टन आणि वॉरन यांनी आधी निश्चित केले होते, म्हणूनच ठशाला काय विचारायचे ते कळले. ज्यांचा पक्ष अखेर पडला त्या वॉरन यांचा वाटाही यात कमी नाही. त्यांनी आपली बाजू तपासता येईल अशा नेमक्या शब्दांत मांडली होती. विद्वत्तेचे हे एक लक्षण समजावे.

आणि तो व्हर्जिनियाचा जमीनदार? त्याचे नाव आजही इतिहासाला ठाऊक नाही. नॅन्सी ही मुलगी, म्हणून पित्याचा पुरुषवंशीय ठसा तिच्यात नाही. तिचा वंशही उरलेला नाही. वाटेल तो श्रीमंत शेजारी त्या जागी बसवण्याचा मोह अनेकांना झाला. तो आवरावा. प्रश्नाचा अर्धा भाग सुटला, अर्धा मोकळा राहिला, असे स्वच्छपणे म्हणता येणे हेही संशोधनच आहे.

७. बोध

अशा शोधाने साधले काय, असे कोणी विचारील. लिंकन यांची थोरवी तसूभर वाढली नाही की घटली नाही. पण एका स्त्रीवरचा अन्याय दूर झाला. शंभर वर्षे चाललेल्या या वादात काहींना ल्यूसी कुलटा म्हणून हवी होती, काहींना सोज्ज्वळ विधवा म्हणून. प्रत्यक्षात जी दिसते ती एक तरुण मुलगी आहे. मृत्युपत्रात जिला कालवडसुद्धा मिळाली नाही, न्यायालयाने जिच्यावर आरोप ठेवला, आणि जिने स्वतःच्या हाताने सही करून आपला संसार उभा केला. तिला शिपली ठरवून औरसत्वाचा दाखला देणाऱ्यांनी, हेतू चांगला असूनही, तिची खरी ओळखच तिच्याकडून काढून घेतली होती. सत्यकाम जाबालाची कथा आपल्याला ठाऊक आहे. गोत्र ठाऊक नाही, असे आईने सांगितले ते जसेच्या तसे त्याने गुरूंपुढे सांगितले, आणि त्या खरेपणावरच त्याला शिष्यत्व मिळाले. गौतमांनी जे ओळखले ते हिचकॉकबाईंना ओळखता आले नाही.

आपल्या इंदुरातील पुष्कळ घराणी होळकरांच्या काळात नर्मदा ओलांडून माळव्यात आली. तीही एका अर्थाने सरहद्दीवरचीच माणसे. आपले मूळ गाव, मूळ पुरुष यांचा शोध घेताना आपण त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वह्या, सनदा, महजर पाहतो. परंतु जुन्या वंशावळी उघडल्या तर बापाखाली मुलगा, त्याखाली नातू अशी पुरुषांचीच उतरंड दिसते. मुली कोठे गेल्या, सुना कोठून आल्या, याचा पत्ता नसतो. ज्यांच्या घरी जुनी पत्रे, पत्रिका, लग्नयाद्या असतील त्यांनी आजीचे, पणजीचे माहेरचे नाव, गाव आजच लिहून ठेवावे. आणि ते कोणाकडून कळले, तेही सोबत लिहावे.

शेवटी, शाळेच्या वास्तूत बोलत असल्यामुळे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिंकनने मुलाच्या मुख्याध्यापकांस लिहिलेले म्हणून एक पत्र महाराष्ट्रात आणि बाहेरही असंख्य मराठी शाळांच्या भिंतींवर लावलेले असते. वसंत बापटांच्या सुंदर अनुवादामुळे ते आपल्याला पाठ आहे. लिंकन यांच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या समग्र लेखनात असे पत्र नाही, आणि त्यांनी ते लिहिल्याचा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. ते भिंतीवरून उतरवावे असे मी म्हणत नाही; त्यातील उपदेश चांगला आहे. पण त्याखाली आठवी-नववीच्या मुलांनी 'हे कशावरून?' एवढे विचारावे, आणि शिक्षकांनी त्यांना उत्तर शोधायला लावावे. तसे झाले तर ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांचा वर्ग अजून सुरू आहे असे म्हणता येईल.